गोळी गिळण्याआधी

ऑक्टोबर 2025 च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सूचना काढली. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपची एसआर-13 या बॅचची बाटली कुणाकडे असेल तर ती वापरू नका, विकू नका आणि आम्हाला कळवा, असा तिचा मजकूर होता. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि त्यांतली बरीच मुले उपचारासाठी नागपूरला आणली जात होती. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला या सिरपच्या नमुन्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले होते. कारखान्यांत वापरले जाणारे हे द्रावण माणसाच्या पोटात गेले की विष ठरते. वीसहून अधिक मुले गेली. आता ही सूचना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा बार्शीतल्या एखाद्या शिक्षकाच्या घरी पोचली असे समजू. फडताळात सिरपची अर्धी बाटली सापडते, पण तिचे खोके कधीच कचऱ्यात गेले आहे. लेबलावर सिरप ओघळून छपाई पुसली आहे आणि बिल तर घेतलेच नव्हते. सूचना अचूक असूनही त्या घराला तिचा काडीचा उपयोग नाही.

औषधाची पडताळणी हे सरकारचे, प्रयोगशाळेचे आणि डॉक्टरांचे काम आहे, असे आपण धरून चालतो. ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे, कारण गोळीत औषध आहे की खडू हे जगातल्या कुठल्याही रुग्णाला डोळ्यांनी ओळखता येणार नाही. मात्र त्यांनी केलेल्या तपासणीचा निकाल आपल्या घरापर्यंत पोचण्यासाठी लागणारे शेवटचे दोन-तीन दुवे आपल्याच हातात असतात आणि ते दुसरे कुणी सांभाळत नाही. शिवाय पडताळणी खरी ठरायची तर तीन अटी पाळाव्या लागतात. ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्याने ती करावी, पहिल्याच कागदाची नक्कल न पाहता वेगळ्या पुराव्यावरून करावी, आणि औषध शरीरात जाण्याआधी करावी. यांतली एक जरी अट सुटली तरी उरते ती फक्त सही.

हे अनुमान हवेतले नाही. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर कडक ताशेरे ओढले. परवाने, नोंदवह्या आणि शिक्के होते, पण त्या द्रावणाकडे संशयाने पाहणारी नजर मात्र मध्ये कुठेच नव्हती. एकोणचाळीस वर्षांनी तेच रसायन पुन्हा मुलांच्या पोटात गेले. मधल्या काळात, म्हणजे 2022 मध्ये, गांबियात भारतीय सिरपमुळे मुले दगावल्याचा आरोप झाला. त्यानंतर 1 जून 2023 पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपची सरकारमान्य प्रयोगशाळेत आधी तपासणी करणे आपल्याकडे सक्तीचे झाले. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला तेव्हा तशी अट घातली गेली नाही. परक्या मुलासाठी एक न्याय आणि छिंदवाड्याच्या मुलासाठी दुसरा, असा हा प्रकार झाला.

नागपूर जिल्ह्यातले प्रकरण तर वेळेच्या अटीचा धडाच आहे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचे नमुने मार्च 2023 मध्ये घेतले गेले आणि त्यांत औषधच नसल्याचा अहवाल आला डिसेंबर 2023 मध्ये. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवसांचा असतो, तेव्हा नऊ महिन्यांनी आलेला अहवाल पोलिसांच्या कामाचा असेल, रुग्णाच्या नव्हे. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की, पाकिटावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचे नाव छापले होते तशी कंपनीच अस्तित्वात नव्हती. गोळीतले रसायन मोजायला प्रयोगशाळा लागते, पण कंपनी आहे की नाही हे पाहायला एक पत्र किंवा एक फोन पुरतो. पुढच्याच वर्षी अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांबाबत असाच प्रकार उघडकीला आला. अंबाजोगाई सोलापूरपासून काही फार लांब नाही.

मग औषधदुकानाच्या काउंटरवर उभे राहून आपण काय करावे? सगळ्यात आधी पक्के बिल मागावे. त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. ते बिल कोर्स संपेपर्यंत, आणि बीपी-शुगरसारख्या रोजच्या औषधांचे तर पुढची खरेदी होईपर्यंत जपावे. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देताना बॅच नंबर आणि मुदत छापलेले टोक बहुतेक वेळा दुकानातच राहते. त्यामुळे कापण्याआधी पूर्ण पट्टीचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावा, दुकानदाराला त्यात काही वावगे वाटायचे कारण नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत दिसायला हवी. दिसलेले तपशील पट्टीवरच्या छपाईशी जुळतात का, एवढे पाहावे. बनावट माल विकणारा कोडसुद्धा छापू शकतो हे खरे, म्हणून कोड जुळला की औषध अस्सल असे मानू नये. पण कोड जुळलाच नाही तर ती गोळी घेऊ नये. नामांकित ब्रँडवर कुणी अवास्तव सवलत देत असेल तर तिथेही थबकावे. जनऔषधी केंद्रातल्या स्वस्त औषधांना मात्र या संशयाच्या रांगेत उभे करू नये. तिथे जाहिरातीचा आणि मधल्या साखळीचा खर्च नसतो आणि मालाची बॅचवार तपासणी होते. ‘हीच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगून दुसरी पट्टी हातात दिली तर चिठ्ठीवरचे आणि पट्टीवरचे जेनेरिक नाव व मिलिग्रॅम ताडून पाहावे. संधिवाताच्या रुग्णांना दिले जाणारे मेथोट्रेक्सेट सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते. त्याच्या जोडीला दिली जाणारी फोलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच छोटी आणि पिवळी असते. अशा औषधाच्या बाबतीत कोणत्या वारी घ्यायचे ते चिठ्ठीवर डॉक्टरांकडून अक्षरात लिहून घ्यावे.

इन्सुलिनची चूक तर बुद्धिमान माणसाकडूनही होते, म्हणून ती जरा जवळून पाहू. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेले आणि 100 युनिट असलेले. बाटल्यांमध्ये बहुधा 40 चे असते, पेनच्या काडतुसात 100 चे. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. आता पेन बिघडले म्हणून काडतुसातले 100 चे इन्सुलिन कुणी घरात पडलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढले, तर सिरिंजमध्ये येते अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 युनिट. ठरलेल्या डोसच्या अडीचपट. तासा-दोन तासांत रुग्णाला घाम सुटतो, थरथर होते, तो बेशुद्धही पडू शकतो आणि घरचे म्हणतात, ‘डोस तर बरोबर वीसच दिला होता.’ रेघ वीसचीच होती, हे अगदी खरे. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून मोठ्याने वाचावेत, आणि ते काम शक्यतो इंजेक्शन देणाऱ्याने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. दहावीतला मुलगाही हे करू शकतो.

रुग्णालयात दाखल झाल्यावर पडताळणीचा पहिला विषय खुद्द रुग्णच असतो. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जिल्ह्याच्या तालुक्यांबरोबरच धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागातूनही रुग्ण येतात. एका वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येणे इथे नित्याचे आहे. सिद्धेश्वर, मल्लिकार्जुन, नागनाथ ही नावे या भागात घरोघर आहेत. अशा वॉर्डात ‘तुम्हीच ना मल्लिकार्जुन?’ असे विचारले तर अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा किंवा मराठी नीट न समजणारा रुग्ण मान हलवून मोकळा होतो. त्याऐवजी ‘तुमचे नाव काय?’, ‘निम्म हेसरेनु?’, ‘मी पेरु एमिटी?’ असे विचारून उत्तर त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि ते मनगटावरच्या पट्टीशी व केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी जुळवायचे. नाव आणि वॉर्ड-खाट एवढ्यावर भागत नाही, कारण खाटा बदलतात. रक्त चढवताना तर ही शिस्त जीवनमरणाची असते. पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट, मुदत आणि जुळणीच्या कागदावरचे रुग्णाचे नाव ही माहिती रुग्णाच्या खाटेजवळ दोघांनी ताडून पाहायची असते. टेबलावर बसून आधीच सह्या करून ठेवणे म्हणजे पडताळणी नव्हे. खाटेजवळ बसलेल्या नातेवाइकाने ‘सिस्टर, पिशवीवरचा गट एकदा वाचून दाखवता का?’ एवढे आदराने विचारले तर कुणाच्या कामात अडथळा येत नाही. औषधाची ॲलर्जी असेल तर ती दर पाळीला नव्या माणसाला सांगावी. आधीच्या पाळीला सांगितले होते, या भरवशावर राहू नये.

तपासणीच्या रिपोर्टला आपल्या समाजात वेदवाक्याचा मान आहे आणि तिथेच गोंधळ होतो. रिपोर्ट हा पुरावा असतो, निकाल नव्हे. एका वाइडल तपासणीवरून टायफॉइड ठरवून पंधरा दिवसांची अँटिबायोटिक्स सुरू करण्याची पद्धत गावोगाव आहे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही वाइडल पॉझिटिव्ह येऊ शकते आणि खात्रीसाठी औषध सुरू होण्याआधी ब्लड कल्चर करणे चांगले. उलट एचआयव्हीच्या बाबतीत सरकारी कार्यक्रमाने शिस्त घालून दिली आहे. लक्षणे नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. वेगळा पुरावा ही अट तिथे पद्धतीतच बसवलेली आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तेव्हा पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका रुग्णाचा मृत्यू राज्यातला या साथीतला पहिला संशयित मृत्यू म्हणून नोंदला गेला आणि कारण समजून घेण्यासाठी सोलापुरातच शवविच्छेदन करण्यात आले. बातम्यांना घाई होती, तरी ‘संशयित’ हा शब्द खोडायची घाई झाली नाही, हे योग्यच झाले. लॅबचा रिपोर्ट हातात आला की आपले नाव, वय, नमुना घेतल्याची वेळ आणि खाली सही कुणाची आहे ते पाहावे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. रिपोर्ट लक्षणांशी अजिबात जुळत नसेल, किंवा त्यावर ऑपरेशन अथवा दीर्घ औषधोपचार ठरणार असेल, तर नवा नमुना देऊन दुसरीकडून खात्री करावी. जुन्याच नमुन्यावर पुन्हा चाचणी केली तर बाटली बदललेली असण्याची शक्यता तशीच राहते.

डॉक्टरांच्या पदवीची खात्री करणे त्या मानाने सोपे आहे, म्हणून थोडक्यात. ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो चिठ्ठीवर असायला हवा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 2025 पासून डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आला आहे. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. क्रमांक सापडला नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे कळवावे. आणि मधुमेह मुळासकट घालवण्याची जाहिरात कुणी करत असेल तर तिथे नोंदणी तपासायचीही गरज नाही, कारण अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

इतके प्रश्न विचारल्याने डॉक्टर दुखावतात, विश्वास उडतो, असा आक्षेप हमखास येतो. काही डॉक्टर दुखावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विश्वास ठेवायचा म्हणून आपण डोळे मिटतो का? बँकेतली व्यक्ती कितीही ओळखीची असली तरी नोटा काउंटरवर मोजून घेतोच आणि त्यात तिला अपमान वाटत नाही. प्रश्न कसा विचारला यावर बरेच अवलंबून असते. ‘तुम्ही बरोबर लिहिलंय ना?’ असे विचारले तर समोरच्याला स्वतःचा बचाव करावा लागतो. ‘ही गोळी आधीच्या गोळीबरोबर चालेल ना?’ असे विचारले तर तो विचार करू लागतो. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्येच औषधे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले आहे. तेव्हा ‘हे नाव वाचता येत नाही, पुन्हा लिहून द्या’ म्हणणे हा उद्धटपणा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो डॉक्टर-परिचारिकांकडून येतो. ओपीडीला रांग लागलेली असताना प्रत्येक पायरीवर पडताळणी करायची तर काम कसे उरकायचे? याचे उत्तर एका मोठ्या प्रयोगात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी वाचायची एक छोटी तपासणी-यादी तयार केली आणि नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे 11 वरून 7 टक्क्यांवर आल्याचे दिसले. यादी वाचायला काही मिनिटे लागतात. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तीच यादी सरसकट लागू केली गेली, तेव्हा 2014 च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. माझ्या मते, यादी निरुपयोगी असल्याचे यातून सिद्ध होत नाही. वरून आदेश आला म्हणून खुणा करायला कुठलाही कर्मचारी शिकतो. मोठ्याने विचारणे आणि ऐकून थांबणे हे आदेशाने येत नाही. सिव्हिलच्या गर्दीत एका परिचारिकेवर किती खाटांचा भार असावा हा प्रश्न म्हणूनच पडताळणीचा प्रश्न आहे. माणसे न वाढवता फॉर्म वाढवले तर फॉर्मच भरले जातील.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात योग्य वाटतो. विडी वळणारी, अक्षरओळख जेमतेम असलेली बाई यातले काय तपासणार? बॅच नंबर, क्यूआर कोड, नोंदणी क्रमांक ही सगळी शिकलेल्यांची चैन आहे. मान्य. चुकीची जबाबदारी तिच्यावर टाकणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय होईल. परंतु औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, बिले आणि केसपेपर एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून प्रत्येक वेळी दवाखान्यात नेणे तिलाही जमते. ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावर डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही, पण रिकामी पट्टी पाहून एका क्षणात ठरवता येते. आषाढीला पंढरपूरला पायी निघणाऱ्यांनी तर ती पिशवी कंबरेलाच बांधावी, कारण वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे तुमचा जुना कागद नसतो. वाचण्याचे काम आशाताई, शाळकरी नात किंवा शेजारचा मुलगा करू शकतो. दाखल असलेल्या रुग्णाची कागदपत्रे मागितली तर 72 तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती दिसली नाही तर कुठे आहे ते विचारावे.

दोन ठिकाणी मात्र हात आवरता घ्यावा. अपघात, छातीत कळ, साप चावणे, अशा वेळी आधी उपचार, कागद नंतर. आणि खात्रीच्या नावाखाली तीच चाचणी चार लॅबमध्ये करत फिरू नये. जिच्या निकालाने उपचार बदलणार नाही ती चाचणी म्हणजे निव्वळ खर्च आहे. लहान मुलांना औषध देतानाही हात आवरावा. पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे सिरप सहसा देऊ नये, आणि दोन वर्षांखाली तर ते देऊच नये, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

औषधाबद्दल शंका आली तर ते फेकू नका. उरलेल्या गोळ्या किंवा बाटली, खोके आणि बिल एकत्र ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. फोन लावण्याआधी बॅच नंबर कागदावर लिहून घ्या.